कायमचं बंद, असं कोण म्हणालं?

मशीनवाल्या काकूंनी स्वतः कधी एकही मशीन दुरुस्त केलं नाही. शिलाई मशीन नीट करायचे ते काका. पोस्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचा एक गाळा. आत लांबलचक बाक, भिंतीवर टांगलेले पट्टे, डब्यांतून बॉबिन आणि सुया, आणि सगळ्यावर तेलाचा वास. काकूंचं काम वेगळं होतं. दुकानाचं इंटरनेटवरचं पान त्या सांभाळायच्या.

पान सुरू करून दिलं मुलीनं. लग्नानंतर ती दूर राहायला गेली होती. एकदा सुट्टीत आली तेव्हा तिनं दुकान फोनवरच्या नकाशावर चढवलं: नाव, पत्ता, काकांचा फोन नंबर, उघडण्याची वेळ, दोन फोटो. "आता लोक शोधत येतील बघा," ती म्हणाली. "ज्याचं मशीन अडतं तो न शोधताही येतो," असं म्हणून काका बाकाकडे वळले. काकू मात्र त्या पानात अडकल्या त्या अडकल्याच.

सकाळी चहाचा कप एका हातात, फोन दुसऱ्या. काका दात दाखवायला डॉक्टरकडे जाणार असले तरी "आज दुकान उशिरा उघडेल" अशी नोंद पडायची. आणि कुणी अभिप्राय लिहिला की काकू घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं उत्तर द्यायच्या. एकानं लिहिलं, "काम चांगलं." काकूंनी उत्तरात त्याचे आभार मानले, मशीन झाकून ठेवायला सांगितलं, बॉबिनखालचा धुरळा ब्रशनं कसा काढायचा ते समजावलं आणि शेवटी लिहिलं, "आईंना नमस्कार सांगा."

"त्याची आई तुला कुठे भेटली?" काकांनी विचारलं.

"भेटली नाही. पण असेल की त्याला!"

एकदा कुणीतरी एकच तारा दिला. तक्रार काय, तर दुकानात बसायला जागा नाही. काकूंना दोन घास गोड लागेनात. त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून दुकानात नेली आणि लिहिलं, "खुर्ची आणली आहे. येऊन बसा." तो माणूस खरंच आला, बसला, आणि एकाचे चार तारे करून गेला. पाचवा का नाही, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाला, "खुर्ची डुगडुगते."

असं सगळं चाललेलं असताना काकांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले. बोलणं काही सावरेना. जीभ जड झाली, शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडायचे. डॉक्टर म्हणाले, "घरात बसू नका, लोकांत मिसळा, बोलत राहा." काका मान हलवायचे आणि मागच्या खोलीतल्या खिडकीशी जाऊन बसायचे. काकू पानावर रोज लिहायच्या: "आज बंद." मग लिहू लागल्या, "या आठवड्यात बंद."

एका सकाळी त्यांनी पान उघडलं आणि हातातला चहा तसाच राहिला. दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत आलं होतं: "कायमचे बंद."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकात नवीन मशीनांचं चकचकीत दुकान काढलेला एक तरुण होता. सगळे त्याला शोरूमवाला म्हणायचे. ही करामत त्याचीच, याबद्दल काकूंना जराही शंका उरली नाही. त्या तरातरा चालत तिथे गेल्या.

"माणूस आजारी पडला म्हणजे मेला का रे?"

शोरूमवाला गिऱ्हाइकाला मशीन दाखवत होता. तो दचकला. "काय झालं, काकू?"

"आमचं दुकान कायमचं बंद, असं कुणी लिहिलं? तुझ्याशिवाय कुणाचा फायदा आहे त्यात?"

"अहो, मी कशाला लिहीन? मी फक्त विकतो. बिघडलेलं मशीन घेऊन लोक आले की मी तुमच्याकडे पाठवतो. आता त्यांना सांगतोय, काका बरे होतायत, थोडं थांबा." कोपऱ्यात झाकलेली चार-पाच मशीनं त्यानं दाखवली. "ही त्यांच्यासाठीच ठेवलीत."

"बरं," एवढंच म्हणून काकू परतल्या. वाटेत राग ओसरला होता, पण घरात शिरताना पुन्हा चढला.

"अहो, ऐकलंत का? कुणीतरी आपलं दुकान कायमचं बंद करून टाकलंय! शोरूमवाला नाही म्हणतो. पण ज्यानं केलं त्याचा हात झडो!"

काका खिडकीपासून वळले. "मी," ते म्हणाले.

"काय मी?"

"मी... केलं. माझ्या... फोनवरून."

काकू पलंगावर बसल्या. काका एकेक शब्द उचलून ठेवावा तसे बोलत राहिले, आणि काकूंनी मध्ये तोंड घातलं नाही. फोन वाजायचा. एकदा उचलला. पलीकडची बाई म्हणाली, काका, सकाळी सकाळीच घेतलीय का? आणि हसून फोन ठेवला. त्यानंतरही तो वाजतच राहिला. दुकान कायमचं बंद दिसलं की लोक फोन करणार नाहीत, म्हणून.

"मला नाही सांगितलंत," काकू म्हणाल्या.

"सांगणार... कसं?"

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, आणि तो तसाच वाहू देत तिथेच उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि फोन हातात घेतला. आधी पानावरचा काकांचा नंबर काढून आपला घातला. "फोन मी घेईन. ज्याला विचारायचं त्यानं मला विचारावं." मग पानावर दुकान पुन्हा चालू करायला घेतलं.

पण ते इतकं सोपं नव्हतं. नकाशाच्या कंपनीचा निरोप आला: दुकान खरोखर असल्याचा व्हिडिओ पाठवा. मध्ये न थांबवता काढलेला. गल्ली दिसायला हवी, पाटी दिसायला हवी, कुलूप उघडताना दिसायला हवं, आतली हत्यारं दिसायला हवीत.

काकू एकट्याच गेल्या. एका हातानं कुलूप निघेना, म्हणून त्यांनी फोन हनुवटीखाली दाबला. शटर वर ढकलताना तो घसरला. कंपनीनं व्हिडिओ नाकारला. मुलीला पाठवला, तर ती हसत सुटली. "आई, यात दुकान कुठे आहे? तुझ्या चपला तेवढ्या छान आल्यात!"

काकू काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चला. फोन धरायला माणूस लागतो."

"शेजारच्यांना... सांग."

"मालकच हवा म्हणतात. नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. काकांनाही तो खरा वाटला की नाही, देव जाणे. त्यांनी सदरा बदलला.

भिंतीच्या कडेकडेनं ते गल्लीत पोचले. फोन काकांनी धरला. काकूंनी कुलूप काढलं, शटर वर गेलं. बाकावर एक मशीन उघडं पडलं होतं, झटका आला त्या दिवशी सोडलं तसंच. काकांनी फोन बाकावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन आत डोकावले.

"अहो! छताचा व्हिडिओ निघतोय!"

"थांब गं. पट्टा... सैल आहे."

काकू पायरीवर बसून राहिल्या. मशीनचा पट्टा बसला तेव्हाच दुसरा व्हिडिओ निघाला. तो मंजूर झाला आणि लाल अक्षरं गेली.

आता दुकान सकाळी तेवढं उघडतं. पहिल्याच दिवशी एक बाई मशीन घेऊन आली. काकांनी ते तपासलं आणि काहीतरी सांगितलं.

"कळलं नाही हो," ती म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या काकूंनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काका मागे सरले नाहीत. त्यांनी श्वास घेतला.

"सुई... उलटी लावलीय," ते म्हणाले. "तुम्ही."

बाईनं वाकून पाहिलं. "अय्या, खरंच की!" असं म्हणून ती इतकी हसली की काकांनाही हसू आवरेना.