गेलेल्या माणसाचं लॉगिन

आमच्या प्रयोगशाळेतले तपासनीस दिवाळीच्या सुट्टीत वारले. झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली आमची फाउंड्री सुरू झाली तेव्हापासूनचे ते. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे लोखंडी भाग आम्ही ओतायचो. प्रत्येक लॉटमधले नमुने तपासून माल पास की नापास, हे ते ठरवायचे.

त्यानंतर सव्वा महिन्यानं, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी सर्व्हरसमोर बसले होते. डिस्क भरत आली होती म्हणून कोण कोण काम करतंय ते बघत होते. यादीत त्यांचं नाव होतं. ते नुकतेच आत आले होते.

मी उठून थेट प्रयोगशाळेत गेले. त्यांची खुर्ची रिकामी होती. खुंटीला त्यांचा निळा एप्रन तसाच लटकत होता. कॉम्प्युटर बंद होता. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी टेबलावरून कुणीतरी त्यांच्या नावानं आत शिरलं होतं.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मलकापूरहून येऊन मी कोल्हापुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि इथं लागून दोन वर्षं झाली होती. पंचवीसएक कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते आणि ते सांभाळणारी मी एकटी. मला नोकरी देणारे आमचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. सर्व्हर कसा लावायचा हे त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून शिकवलं होतं. त्यांचा नियम साधा होता. बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, आणि आतला माणूस आपला. त्यामुळं कंपनीत बसलेला कुणीही कुठलाही रिपोर्ट उघडू शकायचा. पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून पडद्याला चिकटवलेले असायचे. सर्व्हरचा पासवर्ड मी स्वतः कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवला होता.

मी सरांना सांगितलं. ते हसले. "अगं, त्याचा पासवर्ड अख्ख्या ऑफिसला माहीत होता. कुणीतरी सोय म्हणून वापरत असेल. सोड."

मी सोडलं नाही. पुढचे आठ दिवस लक्ष ठेवलं. ते नाव रोज येत नव्हतं. मालाची गाडी निघायची असेल, त्याच दिवशी यायचं. दहा मिनिटं थांबायचं आणि जायचं. मग तपासनीसांच्या मागं त्यांचा मदतनीस नमुने तपासून हातानं लिहायचा ती प्रयोगशाळेतली वही मी मागवून घेतली आणि कॉम्प्युटरवरचे रिपोर्ट शेजारी ठेवले. वहीत जे लॉट नापास होते, ते कॉम्प्युटरवर पास झाले होते, आणि खाली गेलेल्या माणसाचं नाव होतं.

पुन्हा सरांकडं गेले. या वेळी ते हसले नाहीत. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"बरं केलंस. मी बघतो."

एवढंच. पण ते काय आणि कधी बघणार, हे त्यांनी सांगितलं नाही. मी तडक जाऊन लॉगिनची सगळी यादी छापली, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली.

गेटवर वॉचमननं पिशवी उघडायला लावली. ते निवृत्त फौजी होते, आवाज मोठा.

"मॅडम, ह्यो कागद कसला?"

"ऑफिसचा आहे."

"मग ऑफिसात ऱ्हाऊ दे की. भायेर न्यायला चिठ्ठी लागती."

"रोज बघता मला. ओळखत नाही का?"

"वळखतो की. म्हणून काय झालं? मालकांची डिकी बी उघडून बघतो मी." त्यांनी कागद काढून घेतले आणि आपल्या केबिनमधल्या रजिस्टरखाली सारले. "चिठ्ठी आणा, घेऊन जावा."

कंपनीच्या बसमध्ये मी चडफडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर उघडला तर यादी कोरी होती. मागच्या तीन महिन्यांत कोण कधी आत आलं, यातली एक ओळही उरली नव्हती. कपाटाच्या आत लिहिलेला पासवर्ड ज्यानं वाचला, त्यानं ते केलं होतं. मी तो खरवडून काढला, सर्व्हरला नवा पासवर्ड घातला, पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून मला ऑफिसात चहा जाईना. समोर बसलेला प्रत्येक माणूस ओळखीचा होता आणि त्यातल्या एकाला मी काय शोधतेय हे माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी मी मलकापूरला आईकडं गेले. दुसऱ्या दिवशी परत कामावर आले, सवयीनं नवी यादी बघितली. काल दुपारी एक रिपोर्ट बदलला गेला होता, आणि बदलणारीचं नाव माझं होतं.

 बाहेर कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला तरी माझ्यावरच हसताहेत असं वाटलं. उद्या हे उघड झालं तर मी काय सांगणार होते? यंत्र सांगत होतं की ते मी केलं, आणि आमच्याकडं यंत्राच्या शब्दावर गाड्या निघायच्या.

मग मला गेट आठवलं. धावतच गेले.

"काका, काल मी कामाला आले होते का?"

वॉचमन माझ्याकडं बघतच राहिले. "तुमाला ठावं न्हाय व्हय?" त्यांनी रजिस्टर उघडलं. "न्हाय आलतासा. भट्टीवरली दोन माणसं आलती, आन् तुमचं सर. दुपारी आलं, तासाभरात गेलं."

सरांची सही तिथं होती, वळणदार. मी ती दोनदा वाचली. माझे छापलेले कागदही रजिस्टरखाली होते तसेच होते.

मी प्रयोगशाळेची वही, ते कागद आणि गेटचं रजिस्टर घेऊन मालकांसमोर ठेवलं. रजिस्टर द्यायला वॉचमन तयार नव्हते. ते स्वतः हातात धरून माझ्याबरोबर आले. मालकांनी चष्मा लावून तिन्ही पुन्हा पुन्हा ताडून बघितली. मध्ये एकदाच म्हणाले, "खाली बस, पोरी." मग त्यांनी आधी ट्रॅक्टर कंपनीला फोन केला आणि कुठले लॉट वापरायचे नाहीत ते एक एक करून सांगितलं. सरांना नंतर बोलावलं.

सरांनी नाकारलं नाही. "गाडी अडली की सगळे माझ्याच तोंडाकडं बघायचे," ते म्हणाले. "पहिल्यांदा रिपोर्ट तीनदा उघडून तसाच बंद केला होता. नंतर नाही."

संध्याकाळी ते आपला डबा, छत्री घेऊन निघाले. माझ्या टेबलाशी थांबले. मला वाटलं, माफी मागतील.

"भावाच्या लग्नाला गेलीस तेव्हा तुझा पासवर्ड तूच मला फोनवर सांगितला होतास," ते म्हणाले. "आठवतंय?"

आठवत होतं. विहाराबाहेर मांडवात उभी राहून, घाईघाईत सांगितला होता. तेव्हा त्यांच्याइतका भरवशाचा माणूस मला दुसरा नव्हता.

पुढचे दोन महिने मी सगळं बदललं. ज्याचं नाव त्याचाच पासवर्ड. ज्याचं जे काम तेवढंच त्याला दिसेल. आत बसलेला असो की बाहेरून आलेला, प्रत्येक दाराशी पुन्हा ओळख द्यायची, अगदी मालकांनीसुद्धा. बऱ्याच वर्षांनी या पद्धतीला झिरो ट्रस्ट म्हणतात हे कळलं. तेव्हा मात्र स्टोअरमधले वयस्कर काका तोंडावर म्हणाले, "आमी चोर हाय व्हय गं?" ते पुढं माझ्याशी नीट बोलले नाहीत. तपासनीसांचं लॉगिन काढून टाकताना यंत्रानं विचारलं, नक्की काढायचं का. माझं बोट थोडा वेळ तसंच राहिलं.

बरेचसे लॉट परत आले. सगळे नाही. काही आधीच बसवले गेले होते, आणि ते ट्रॅक्टर कुठल्या गावांत गेले, हे शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही. उसाच्या हंगामात रस्ते भरून जातात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावरून येताना दिसला की मी गाडी बाजूला घेते. मुलं मागून विचारतात, आई, का थांबलो? मी सांगते, जाऊ दे त्याला पुढं.