नेरिडाची फुंक

कालगुर्लीच्या खाणींतली बोथट झालेली ड्रिलची टोकं आमच्या शेडमध्ये यायची. त्यांवर टंगस्टन आणि कोबाल्टचे कठीण दाणे बसवलेले असतात. नेरिडा ते फिरत्या चाकावर घासून पुन्हा आकाराला आणायची, एकवीस वर्षं. शनिवारी गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, वाजवायची. तिच्यासारखा लांब सूर कुणाच्या बापाला जमायचा नाही.

मग खोकला सुरू झाला. चार पायऱ्या चढली की बसायची. बँडमध्ये मागच्या रांगेत गेली, शेवटी कॉर्नेट पेटीत गेलं. मी मेल्याने तिची चेष्टा केली, म्हटलं, म्हातारी झालीस.

पर्थच्या डॉक्टरणीने एकच विचारलं, रजेवर खोकतेस का? नाही. एस्परन्सच्या समुद्रावर दोन आठवडे खोकला गायब, कामाच्या दुसऱ्या दिवशी हजर. डॉक्टरीण म्हणाली, कोबाल्ट छातीत जातोय, वेळेत आलीस, पण आता त्या चाकासमोर बसायचं नाही.

मालक क्लेम भला माणूस, पण हट्टी. आम्ही पाणी सोडून घासतो, धूळ येईलच कुठून, हा त्याचा ठेका. खरं सांगायचं तर आमचाही. ते पाणी फिरूनफिरून तेच वापरायचो, कोबाल्ट त्यात उतरायचा आणि तुषारांतून नाकात जायचा. वर सुट्टी झाली की हवेच्या नळीने एकमेकांचे कपडे झटकायचो आणि खिदळत पबमध्ये जायचो. शहाणेच आम्ही!

क्लेमने नेरिडाला काउंटरवर बसवलं आणि चाकावर मला. ती सुखाने बसली असती. पण दुपारी तिने माझ्या गाडीतला कांगारू हेरायचा झोतदिवा काढला, शेडचं शटर पाडलं, दिवे मालवले आणि मला चाक सुरू करायला लावलं. क्लेम चहाचा मग घेऊन बघत उभा.

तिने झोत टाकला. अगं आई गं! चाकापासून एरवी न दिसणारी पांढरी वाफ लोळत वर येत होती, माझ्या तोंडावरून थेट क्लेमकडे. त्याने झटकन मगवर हात ठेवला.

नेरिडा शांतपणे म्हणाली, "चहाचा मग झाकलास, क्लेम. नाकाचं काय करतोस?"

क्लेमने स्वतः चाक बंद केलं. पाच आठवडे ते बंदच राहिलं. चाकाच्या तोंडाशी हवा ओढणारा पाइप बसला, तुषार अडवायला आडोसा आला, पाणी वेळेवर बदलू लागलं, मास्क आले. हवेची नळी तर त्याने सगळ्यांसमोर कापून फेकली. मग मी पुन्हा त्या जागेवर बसलो. माझी छाती आजही ठणठणीत आहे, ती तिच्यामुळे. हे मी पबमध्ये मोठ्याने सांगतो.

पुढच्या वर्षी हॅनन स्ट्रीटवर मिरवणूक निघाली. नेरिडा पहिल्या रांगेत, कॉर्नेट चकचकीत. शेवटचा लांब सूर तिने धरला आणि मी गंमत म्हणून तिच्याबरोबर श्वास रोखला. क्लेमनेही रोखला. आमचे डोळे पांढरे व्हायला आले, तिचा सूर चालूच.

आधी आम्हीच हरलो.