कनात आणि झालर यांची मागची सीट

सुहासचा फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत उभा होतो. सुहास हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, पुण्याला असतो. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. वहिनी रोह्याच्या घरी झोपेतच गेल्या होत्या. मी हातातल्या शेंगा पुन्हा टोपलीत टाकल्या आणि विचारलं, "कुत्र्या कुठे आहेत?" सुहासने, माझ्याजवळ कोणी आहे का, मला टेकायला जागा आहे का, अशी चौकशी सुरू केली. त्याला वाटलं, धक्क्याने म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पण माझं डोकं जागेवर होतं. वहिनींना अलीकडे एकच काळजी होती, आपल्यामागे या दोघींचं काय होणार, आणि ती त्यांनी माझ्याखेरीज कोणाला बोलून दाखवली नव्हती. "धर्मा म्हणतो, गाडीत जाऊन बसल्यात," सुहास शेवटी म्हणाला. "उतरायलाच तयार नाहीत."

आमच्या दादाचा रोह्यात मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. दादा गेला तेव्हा सगळे धरून चालले होते की आता बांबू, कनाती, खुर्च्या विकून वहिनी मुलाकडे जातील. वहिनींनी गाडी शिकायला घेतली. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचून डबल केबिनची पिकअप चालवते, शेजारी दादाच्या वेळेपासूनचा मदतनीस धर्मा, मागच्या सीटवर कामगार आणि हौद्यात बांबू, हे दृश्य रोह्यापासून नागोठण्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं झालं. अशाच एका बंगल्यावर मांडव सोडायला गेल्या असताना मालक म्हणाला, आम्ही परदेशी चाललोय, ही ग्रेट डेन जातीची कुत्री कोणाला हवीय का? वहिनी सामानाबरोबर तिलाही घेऊन आल्या. तिचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर काही बसेना. ती दारात आडवी उभी राहिली की पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून नाव ठेवलं कनात. दुसरी आधीपासूनच दारात होती. जात गावठी, पण काय खाऊन वाढली कोण जाणे, कनातच्या खांद्याला लागायची. शेपटीला लांब केस, म्हणून ती झालर.

मला कुत्री आवडत नाहीत. हे मी आजही लिहून देतो. मी एकटा माणूस, कंपनीतून निवृत्त झाल्यावर पेणच्या घरामागे एक शेड टाकून सुतारकाम करतो, आणि माझ्या रंध्याजवळ कोणी केस झाडलेले मला चालत नाहीत. तरीही त्या दोघींसाठी मी जेवढं लाकूड कापलं तेवढं माणसांसाठी कापलं नसेल.

त्याचं झालं असं, की सुरुवातीला दोघी मागे हौद्यात, बांबूंच्या शेजारी बसायच्या. एकदा खांब गावाजवळ बाजूने शेळ्यांचा कळप गेला आणि कनातने चालत्या गाडीतून उडी टाकली. गाडी हळू होती म्हणून पाय मुरगळण्यावर भागलं. त्या दिवशी वहिनींनी ठरवलं, पोरी आता केबिनमध्ये बसणार. कामगारांनी तोंडं वाकडी केली. "आता आम्ही रिक्षाने येवाचा आनि कुत्र्यांनी गाडीतून?" धर्माने विचारलं. "तू पुढं बस की माझ्या बाजूला," वहिनी म्हणाल्या, "तुला कोन उतरवतोय?" बाकीच्यांची सोय टेम्पोत झाली.

पण मोटारीची मागची सीट माणसांच्या बुडासाठी केलेली असते. एवढ्या थोरल्या कुत्रीचं मागचं धड सीटवर आणि पुढचे पाय खालच्या खोबणीत, अशी ती नागोठण्यापर्यंत नळावर पाणी भरायला वाकल्यासारखी उभी राहायची. म्हणून मग एका रविवारी गाडी, वहिनी आणि दोघी माझ्या दारात हजर. "भाऊजी, ही खोबण भरून द्या," वहिनी म्हणाल्या. मी टेप घेऊन कनातचं माप घ्यायला लागलो. नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत. वहिनी बघत होत्या. "उभ्याचं माप काय घेताव? गाडीत काय परेड हाय? झोपेल तवा घ्या." ती झोपेपर्यंत आम्ही दोघांनी दोनदा चहा घेतला. झोपल्यावर ती जी पसरली, ती माझ्या हिशेबाच्या बरीच बाहेर गेली.

खोबणीत पाय दिलेली प्लायवूडची बैठक मी केली, सीटच्या पातळीला आणली, आणि धुवायला सोपं पडावं म्हणून वर गुळगुळीत सनमायका मारला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. चाचणीला म्हणून मी पुढे वहिनींच्या शेजारी बसलो. पेणच्या बाहेर पडेपर्यंत पहिल्याच ब्रेकला दोन्ही कुत्र्या कॅरमच्या सोंगट्यांसारख्या घसरत आल्या आणि झालरचं नाक माझ्या मानेवर आदळलं. वहिनी गाडी बाजूला घेऊन पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मी उरलेली वाट मान पुसत बसलो.

त्यावर वहिनींनी त्यांच्या पद्धतीने इलाज केला. मांडववाल्याच्या घरात काय कमी? नवरा-नवरीच्या महाराजा खुर्च्यांच्या जुन्या लाल मखमली गाद्या काढून त्यांनी बैठकीवर घातल्या. दोघी राजघराण्यातल्या असल्यासारख्या फिरायला लागल्या. पण लग्नसराईच्या गडबडीत एका कामगाराने त्या गाद्या नव्या समजून उचलल्या आणि नागोठण्याच्या एका लग्नात थेट स्टेजवर नेल्या. नवरी उठली तेव्हा तिच्या शालूला मागून एवढे करडे केस चिकटले होते की करवलीला विधी सोडून ते वेचत बसावं लागलं. नवरदेव शिंकून शिंकून बेजार. नवरीच्या आईने वहिनींना विचारलं, हे काय? वहिनींनी सरळ सांगून टाकलं, "कुत्र्यांची गादी आली गो चुकून. खुर्च्यांचा भाडा घेत नाय तुमच्याकडून." ते ऐकून नवरीच आधी हसली. तिच्या बाळाच्या बारशाचा मांडवही पुढे वहिनींनीच घातला.

शेवटी जमलं ते काथ्याच्या चटईने. मांडवाच्या दारात पाय पुसायला अंथरतात ती. नखं रुततात, पाय घसरत नाही, माती आपोआप खाली गळते. खाली बैठकीची जुनी कापसाची गादी अर्धी कापून, दोन्ही दारांशी लोड, म्हणजे वळणावर अंग टेकायला आधार. पुढच्या दोन सीटांच्या मधे वहिनींनी मांडवाच्या दोरीची जाळी विणली. झालरच्या कमरेत कळ होती, तिला चढायला मी दुमडती फळी केली. तेवढं झाल्यावर मी हात झटकले, तर वहिनी म्हणाल्या, "आता ही बैठक मधून कापा आणि उजवीकडच्या तुकड्याला बिजागरी लावा. दुमडला की मानूस बसला पायजे."

मी वैतागलो. चांगली एकसंध बैठक, कशाला कापायची? "कोण बसणार इथे?"

"बसंल कोनतरी. ज्याला गाडी चालवता येत नाय तो."

मला गाडी चालवता येत नाही. रोख कळला, पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि करवत घेतली. रोह्याला जायचं झालं तर मी एसटीने जायचो, आणि तसंच जात राहिलो. त्यामुळे ती दुमडती जागा कोणी वापरली नाही.

पेणच्या वाटेवर गडब गावाच्या अलीकडे हमरस्त्याला तेव्हा एक जबरदस्त खड्डा होता. तो यायच्या आधी वहिनी मागे न बघता म्हणायच्या, "बसा गो." की दोघी एकदम खाली. मग धाडकन गाडी जायची, आणि दोघी पुन्हा उठून खिडकीशी. पुढे रस्ता सिमेंटचा झाला, खड्डा गेला, पण वहिनींचं "बसा गो" काही गेलं नाही. एकदा एसटी चुकली म्हणून त्यांच्या शेजारी बसून पेणला येत होतो, तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, आता खड्डा कुठाय?" तर म्हणाल्या, "त्यांना कुठं ठाव हाय?"

त्याच फेरीत, माझ्या दारात गाडी थांबल्यावर, त्यांनी तो प्रश्न विचारला होता. डॉक्टरांनी त्यांना छातीचं दुखणं सांगितलं होतं. "भाऊजी, माझ्यामागं या दोघींचं काय वो?" मी म्हटलं, "तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग निघाल." त्या हसल्या. मी हो म्हटलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. फक्त रविवारच्या फेऱ्या वाढल्या. कधी बिजागरीला तेल, कधी लोडाची शिवण... दरवेळी दोघी माझ्या अंगणात दिवसभर पडून राहायच्या आणि वहिनी ओट्यावर चहा पीत माझ्या सुतारकामात चुका काढायच्या. आता ते रविवार आठवले की बरं वाटतं, मनापासून बरं वाटतं.

तेराव्यानंतर सुहासने सांगितलं की एका फार्महाऊसवाल्याशी बोलणं झालंय. तो डेन घ्यायला तयार आहे; दुसरी मात्र नको. सुहासचंही चूक नव्हतं, त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी काही वाद घातला नाही. धर्माला म्हटलं, "गाडी काढ, पेणला जायचंय." सुहास पुढे त्याच्या शेजारी बसला. मी मागचं दार उघडलं, बैठकीचा उजवीकडचा तुकडा वर उचलला. तेल घालूनही बिजागरी कुरकुरली, ती कधी वापरातच नव्हती. कनातने जरा अंग चोरलं आणि मला जागा दिली. झालरने न विचारता माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली.

नागोठण्याचा पूल गेला. गडब जवळ आलं तसा धर्माने सवयीने वेग कमी केला. दोघी उठून उभ्या राहिल्या आणि जाळीतून पुढच्या सीटकडे बघायला लागल्या. तिथून आवाज यायला हवा होता. धर्मा आरशातून माझ्याकडे बघत होता. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "बसा गो."

दोघी बसल्या. पुढे सुहासने डोळे पुसले आणि फार्महाऊसवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मांडवाचा धंदा आता धर्मा बघतो. दर रविवारी तो गाडी घेऊन येतो, आम्ही तिघं मागे बसून रोह्याला जातो, वहिनींच्या घराची दारं-खिडक्या उघडून संध्याकाळी परत येतो. माझ्या पँटला केस लागतात. मला कुत्री आवडत नाहीत, हे खरंच आहे. पण बैठकीचा तो तुकडा आता दुमडलेलाच असतो, आणि गडब आलं की मी सांगतो. त्यांना कुठं ठाऊक आहे, खड्डा बुजला म्हणून.