शिंक संहितेत नाही

सोलमे गावात पांग दोकचिल उमराव म्हणून प्रसिद्ध होता, आणि उमरावपणाशी त्याच्या घराण्याचा संबंध एवढाच, की त्याचे आजोबा गावच्या खऱ्या उमरावांच्या, म्हणजे होंगांच्या, मोठ्या घरचं अंगण झाडायचे. बाप होंगांचीच शेतं कसायचा. तो स्वतः बाजाराच्या रस्त्यावर मिरची दळायची गिरणी चालवायचा. पण शरदात नदीकाठच्या पाइनच्या झाडांखाली मुखवट्यांचा खेळ उभा राहिला, की उमरावाचा लाकडी मुखवटा चढवून तो असा काही डुलत चालायचा, की होंगांच्या घरातले म्हातारेसुद्धा म्हणायचे, आमच्या सात पिढ्यांत असं चालणं कुणाला साधलं नाही.

हा खेळ म्हणजे उमरावांची उघड टवाळी. जुन्या काळी गडीमाणसं वर्षातून एकदा मुखवटे घालून धन्याच्या दारात जात आणि धन्यालाच चार लोकांत वाटेल ते बोलत. धनी त्याबद्दल तांदूळ आणि माक्कोलीचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, घडे पाठवी. तोंडावर मुखवटा असेपर्यंत बोलणारा कोण हे कुणी विचारायचं नाही, आणि तो उतरला की सकाळी पुन्हा झाडू हातात घ्यायचा. ही सोय दोन्ही बाजूंना चांगलीच मानवली होती.

दोकचिलला हा खेळ त्याच्या काकानं शिकवला. उमरावाच्या मुखवट्याची हनुवटी वेगळी, दोरीनं अडकवलेली असते. मान मागे टाकली की मुखवटा खदखदून हसतो, खाली घातली की आंबट होतो. काका सांगायचा, की शिकायचं ते मानेचं काम. शब्दांचं काय, ते दरवर्षी नवे. ज्यानं गावाला छळलं असेल त्याला त्या वर्षी धरायचं. त्याप्रमाणे दोकचिलनं तरुणपणी खताच्या गोण्या ओल्या करून वजन वाढवणाऱ्या साहेबाला धरलं, सगळ्यांची गवताची छपरं उतरवून गळके पत्रे चढवणाऱ्या सरपंचाला धरलं, आणि एकदा स्वतःच्या सासऱ्यालाही सोडलं नाही. त्याची बायको सुनरे त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती, पण खेळ चालू असताना सगळ्यांत जास्त हसली तीच होती.

मग एका हिवाळ्यात राजधानीतून प्राध्यापक मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन आली. गिरणीमागच्या ऊबदार खोलीत त्यांनी दोकचिलला बसवलं आणि सगळा खेळ बोलून दाखवायला सांगितलं. किमचीचा, म्हणजे हिवाळ्यासाठी तिखटात भाज्या मुरवायचा, हंगाम नुकताच संपला होता. दळून दळून त्याचं डोकं बधिर झालेलं. जेवढं आठवलं तेवढं तो बोलला, जिथं आठवलं नाही तिथं "वगैरे वगैरे" म्हणाला. पुढच्या वर्षी छापील संहिता आली, तीत 'वगैरे वगैरे'ही आलं. तेव्हापासून खेळातला म्हातारा पंडित छातीवर हात ठेवून "वगैरे वगैरे" म्हणतो. त्यातला गूढ अर्थ उलगडणारा एक लेखही म्हणे कुठंतरी छापून आला आहे.

संहितेपाठोपाठ सरकारनं दोकचिलला 'जिवंत वारसा' ठरवलं. मंत्र्याच्या हातून मानपत्र मिळालं आणि दोकचिल हळूहळू बिघडत गेला.

आधी त्यानं मिरचीला हात लावणं सोडलं. मग घोड्याच्या केसांची उंच काळी टोपी घालून बाजारात जायला लागला, हात पाठीमागे, पोट पुढे, पावलं उमरावाची. लहानपणापासूनचे मित्र "अरे दोकचिल" म्हणाले की त्याला ऐकू यायचं नाही. "गुरुजी" म्हटलं की लगेच यायचं. खेळात कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला तर तो रंगणातच थांबायचा आणि मुखवट्याआडून म्हणायचा, "संहितेत काय आहे?" उमरावांच्या टवाळीचा खेळ गावात आता देवळातल्या पूजेसारखा चालू लागला. लोक येत, पण भाताचे मुटके खायला.

अशात होंग सेजुन गावात परतला. हा मोठ्या घरचा थोरला नातू, चाळिशीला टेकलेला. राजधानीतली बँकेतली नोकरी त्यानं सोडली होती. का सोडली यावर गावात तीन मतं होती. तो गिरणीत आला, जमिनीला कपाळ टेकून पुरता नमस्कार केला आणि म्हणाला, मला मुखवट्याचा खेळ शिकवा.

होंगाचं कपाळ आपल्या जमिनीवर टेकलेलं दोकचिलला आणखी थोडा वेळ बघायचं होतं. शेवटी त्यानं अंगण झाडायला सांगितलं. सेजुननं ते झाडलं, नीट झाडलं, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा झाडलं. दोकचिल ओट्यावर बसून बघत राहिला. त्याला खरं तर आजोबांची आठवण काढून थोडं गहिवरून यायला हवं होतं; पण त्याला नुसतंच बरं वाटत होतं.

पुढे भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा त्यानं सेजुनला नोकराची भूमिका दिली. वाकड्या तोंडाचा, टुणटुण उड्या मारत उमरावाच्या मागे पळणारा नोकर. त्या दिवशी जेवताना तो बायकोला खुशीत सांगत होता, की आता दरवर्षी सगळ्या गावासमोर होंगांचा वंशज माझ्या मागे कुत्र्यासारखा पळणार.

सुनरेनं सूप वाढता वाढता विचारलं, "अहो, पण त्या खेळात अक्कल कुणाला असते, ते आठवतंय ना तुम्हाला?"

दोकचिल म्हणाला, तुला कलेतलं काही कळत नाही.

सेजुन मनापासून शिकला. चेष्टा करायची म्हणून तो आलाच नव्हता. गुरुजींवर त्याचा जीव होता. त्यांची मान, त्यांचं चालणं, त्यांचं खोकणं, सगळं त्यानं इतकं बारकाईनं टिपलं, की सुनरे कधीकधी अंगणातल्या पावलांवरून फसायची. एक दिवस जुन्या लोकांकडून त्याला कळलं, की पूर्वी शब्द दरवर्षी नवे असत. त्यानं गुरुजींना विचारलं. गुरुजींनी नेहमीचंच उत्तर दिलं, आणि सेजुन घरी गेला.

त्या शरदातला खेळ मोठा होता. वारसा जपणारी प्रांताची समिती पुढच्या रांगेत. तिच्या शेजारी सेजुनची आजी, मोठ्या घरची थोरली सून, ऐंशी उलटलेली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत काठीसारखी ताठ बसलेली. दोकचिल डुलत आला. मागून नोकर आला, आणि पहिल्या दोन उड्यांतच लोकांच्या लक्षात आलं की आज तो उड्या मारत नाहीये. त्यानं हात पाठीमागे बांधले होते, पोट पुढे काढलं होतं. रंगणात एकाच वेळी दोन दोकचिल चालत होते, आणि पुढच्याला मागचा दिसत नव्हता.

कुणीतरी फिस्सकन हसलं. नोकर लोकांकडे वळून म्हणाला, "आमच्या मालकांना जपा हो. सरकारनं शिक्का मारलाय त्यांच्यावर. पूर्वी मिरच्या दळताना दिवसभर शिंकायचे. आता शिंकत नाहीत."

ढोलकीवाल्यानं वाजवणं थांबवून विचारलं, "का रे बाबा?"

"शिंक संहितेत नाही."

नदीकाठ हसण्यानं हादरला. भाताच्या मुटक्यांच्या टेबलामागे सुनरे कमरेला बांधलेल्या फडक्यात तोंड खुपसून बसली. दोकचिल जागीच उभा राहिला. मुखवट्याआड त्याचे कान तापले. पुढचं वाक्य आठवेना, आणि आठवलं तेव्हा ते संहितेतलंच होतं: "अरे मेल्या, इतका वेळ माझ्या मागे काय करत होतास?" ते त्यानं खरोखर रागानं म्हटलं, आणि ते इतकं फिट्ट बसलं की लोक जमिनीवर लोळायचे बाकी राहिले.

आणि मग त्याच्या मानेनं एक काम केलं, त्याला न विचारता. ती हळूहळू मागे गेली, लाकडी तोंड उघडलं, खूप वेळ उघडंच राहिलं. सगळे श्वास रोखून बघत होते. दोकचिल शिंकला. टोपी उडाली. लगेच मान खाली घालून, चोरी पकडल्यासारखा इकडेतिकडे बघत, मुखवटा आंबट करून तो म्हणाला, "वगैरे वगैरे."

असा हशा सोलमेत कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मुखवटा उतरला आणि दोकचिलला पुन्हा राग आला. शिंकलो ते वेगळं, पण ज्याच्यामुळे शिंकावं लागलं त्याला सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं. सेजुन खाली मान घालून उभा होता. त्याला ओलांडून तो तडक समितीकडे निघाला, संहिता मोडली म्हणून तक्रार करायला. वाटेत थोरल्या सूनबाई भेटल्या. पूर्वी त्या त्याला "काय रे दोकचिल" म्हणायच्या. मानपत्र मिळाल्यापासून न चुकता, कमरेत वाकून, गुरुजी म्हणायच्या, आणि का कोण जाणे, ते त्याला बोचायचं.

"गुरुजी, माझ्या नातवाचं चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

चुकलं म्हणजे काय, दोकचिल म्हणाला, चार लोकांत माझी लाज काढली त्यानं.

"तुमचे काका माझ्या सासऱ्यांची दरवर्षी काढायचे. सासरे पुढच्या रांगेत बसून मोठमोठ्यानं हसायचे. घरी आले की दोन दिवस जेवायचे नाहीत. हसावं लागतं, गुरुजी. त्या जागेवर बसलं की तेवढं करावंच लागतं."

दोकचिल तसाच पुढे निघाला. समितीजवळ पोचून तो तोंड उघडायच्या आत अध्यक्षच उठून त्याचा हात धरून हलवू लागले. शिंकेचा प्रवेश म्हणजे आजच्या खेळाचा कळस, ते म्हणाले. हा जुन्या परंपरेतलाच ना? छापील प्रतीत कसा नाही आला?

दोकचिलनं मागे बघितलं. सेजुन लांब उभा होता, तोंड उतरलेलं. नाही म्हटलं की तो खेळातून जाणार होता. शिवाय 'आजच्या खेळाचा कळस' हे शब्दही कानात घोळत होते. यातलं जास्त वजनाचं काय ठरलं, हे त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही. तो म्हणाला, "हो, काकांच्या काळापासूनचं आहे. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं."

समितीनं तिथल्या तिथे टिपून घेतलं. नव्या आवृत्तीत नोकराच्या वाक्यांसकट शिंक आली, टोपी किती हात लांब उडावी हेही आलं, आणि तळटीप आली, की 'शिक्का' म्हणजे इथं जुन्या राजदरबाराची मोहर असावी.

मग दोकचिल दरवर्षी शिंकू लागला. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी ठरलेल्या जागी हसले, पुढे शाळेच्या सहलींतली पोरं शिंकेच्या आधीच "आता शिंकणार" म्हणून एकमेकांना सांगू लागली. आपलीच टवाळी, त्याच शब्दांत, वर्षामागून वर्ष ऐकताना दोकचिलचा राग केव्हाच विझून गेला होता. आता त्याला फक्त कंटाळा यायचा. घोड्याच्या केसांची टोपी त्यानं खुंटीला लावली आणि गिरणीत पुन्हा बसू लागला. एका वर्षी खेळाआधी तो सेजुनला म्हणाला, "या वेळी दुसरं काहीतरी बोल. नवं. मला धर, सरपंचाला धर, कुणालाही."

सेजुन आता वारशाचा अधिकृत वारस नेमला गेला होता. तो अदबीनं म्हणाला, "गुरुजी, पण संहितेत..."

दोकचिलनं त्याच्याकडे नीट बघितलं. हात पाठीमागे, पोट किंचित पुढे. आणि हा आता नक्कल करत नव्हता.

गुडघे गेल्यावर दोकचिलनं मुखवटा सेजुनला दिला आणि तो प्रेक्षकांत बसू लागला, सुनरेच्या शेजारी, चटईवर. मुखवट्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा चेहरा बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हता. नव्या उमरावानं मान मागे टाकली की तो खालून ओरडायचा, की अहो मालक, सर्दीचं औषध आता सरकारी दवाखान्यात मिळतं, पण रांग मोठी आहे. आजूबाजूच्या म्हाताऱ्या हसून हसून एकमेकींना चापट्या मारायच्या.

एका शरदात नारिंगी जाकीट घातलेली एक स्वयंसेविका वाकत वाकत त्याच्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, मध्ये बोलू नका. हा राष्ट्रीय वारसा आहे."

दोकचिलनं बरं म्हटलं, आणि ती पाठ फिरवून चार पावलं जाईपर्यंत गप्प बसला.