रुवैसला उतू गेलेलं दूध

दुबईत पगारावर टॅक्स नव्हता, पण टॅक्सवाल्याचा बाप आमच्या ऑफिसात बसायचा. आमचे ॲडमिन मॅनेजर. पुण्याचे, डिग्रीवाले. मी आयटीआयवाला, वेल्डर म्हणून आलो आणि स्वतःच्या हिमतीवर फोरमन झालो.

नव्वदचं दशक संपता संपता कंपनीने मला अबू धाबीच्या पार पश्चिम टोकाला, रुवैसच्या रिफायनरीच्या कामावर पाठवलं. बायको आणि मुलगी दुबईतच, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. रुवैसला इंजिनिअरांना फॅमिली फ्लॅट, मला बॅचलर कॅम्पात खाट. कॅम्पात बायकामुलांना मनाई. सुट्टी एकच, शुक्रवारची, ती जाण्यायेण्यातच सरायची. मुलगी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "बाबा इज अवर फ्रायडे गेस्ट." ते मला लागलं.

कंपनीचा नियम होता: रुवैसला स्वतःचं, भाड्याचं का होईना, दुसरं घर दाखवा, कॅम्पातून सुटका आणि वर हाउसिंग अलाउन्स. पण भाड्याने घर मिळतच नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेतला मेहुणा बोलता बोलता म्हणाला, "दाजी, इकडे फिरायचा ट्रेलरही टॅक्सला दुसरं घर म्हणून दाखवता येतो. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली की झालं."

मी पुढच्याच शुक्रवारी दुबईत रास अल खोरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात हजर. देश सोडून गेलेल्या एका गोऱ्याची कॅरव्हॅन, म्हणजे तसलाच ट्रेलर, उन्हात उभी होती. यार्डवाला म्हणाला, "बारह हजार."

"टायर सड गये. आठ."

"हबीबी, दस."

मी माझ्या गाडीत बसून इंजिन चालू केलं. मागून हाक आली, "यल्ला, ले जाओ!" आठ हजार दिरहम, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ लाख रुपये. रुवैसला एका ओळखीच्या ठेकेदाराच्या आवारात ती उभी केली, वीजपाणी जोडलं आणि अर्ज टाकला.

ॲडमिन मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "अहो, घराला चाकं नसतात."

"काढतो."

"मग तो नुसता डबा होईल."

"पलंग आहे, शेगडी आहे, संडास आहे. अमेरिकेचं सरकार मानतं, साहेब."

"मग अमेरिकेत अर्ज करा. शुक्रवारी मी रुवैसला आहे. तिन्ही सोयी चालू दिसल्या पाहिजेत."

गुरुवारी बायको आणि मुलगी आल्या. शुक्रवारी सकाळी बायकोने शेगडीवर दूध ठेवलं आणि मुद्दाम उतू घालवलं.

"अगं, आज साहेब येतायत!"

"म्हणूनच. नव्या घरात आधी दूध उतू जायला हवं."

साहेबांनी पलंग दाबून पाहिला. फ्लश ओढला. मग शेगडीचं बटण फिरवलं. नुसतीच टकटक; जाळ नाही. दूध बर्नरमध्ये शिरलं होतं.

"शेगडी बंद," साहेब म्हणाले. "खलास."

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको पुढे झाली. "भाऊजी, सकाळी दूध उतू घालवलं, ते बर्नरमध्ये गेलंय. तुमच्या नव्या फ्लॅटमध्ये वहिनींनी नव्हतं घालवलं?"

साहेबांनी ओट्यावरचा पांढरा ओघळ पाहिला. "घालवलं होतं. पार कार्पेटपर्यंत. मालकाने डिपॉझिट कापलं."

मी संधी सोडतो होय? "साहेब, कॅम्पात कुणी दूध उतू घालवतं का?"

ते हसले नाहीत, पण त्यांनी उभ्याउभ्या सही केली. मुलगी म्हणाली, "सॉरी अंकल, नो टी टुडे."

पुणेरी ते पुणेरीच. सहीच्या वर त्यांनी 'टेंपररी' लिहिलं आणि माझा अलाउन्स निम्मा केला. इंजिनिअरांच्या फ्लॅटची भाडी कंपनी पूर्ण भरायची. ते मी आजही विसरलेलो नाही.

पण पुढच्या गुरुवारी मी ड्यूटीवरून आलो, तर मुलगी कॅरव्हॅनच्या पायरीवर वाट अडवून उभी. "बाबा, शूज आउटसाइड. धिस इज अवर हाउस."

आयुष्यात कुणाचं पहिल्या बोलीला न ऐकणारा मी, निमूट बूट काढले.