पोस्टर नको, गुरुत्वाकर्षण हवं

आमच्या विज्ञान मंडळात प्रयोग कमी आणि किस्से जास्त होतात. साहित्य पुरेसं नसतं, त्यात दुष्काळामुळे प्रयोगशाळेचा नळही बंद. मग गप्पाच उरतात! मी स्वतः फारशी बोलत नाही, त्यामुळे बाकीच्यांचं सगळं माझ्याकडे साचत जातं.

*

सुरुवात विषयवाटपापासून झाली. विज्ञान मेळाव्यात दरवर्षी मुलांना रोबो, उपग्रह मिळतात आणि मुलींना 'पाण्याची बचत'. या वर्षी मी उभी राहून हळूच म्हणाले, "सर, मला स्ट्रिंग थिअरीतली ड्युअ‍ॅलिटी हवी."

गायके सरांनी चष्मा वर केला. "अगं, नववीत आहेस तू! पाण्याची बचत घे. मागच्या वर्षीचं पोस्टरही तयार आहे."

मागच्या बाकावरून रुखसार म्हणाली, "मग पोस्टरलाच पाठवा ना, सर!"

वर्ग हसला. मी खाली बसले नाही. शेवटी सर वैतागले, "शनिवारी बाहेरचे परीक्षक येतायत. त्यांना पटलं तर जिल्ह्याला तुझा विषय. नाही पटलं तर पोस्टर घ्यायचं, गुमान!"

*

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत बिल्डिंगी वाढल्या, टँकर मात्र एकच येतो. त्या रांगेत मी रुखसारला आणि शिवानीला विषय समजावत होते. शिवानी पिशोर गावची. घरी मेंढरं आहेत. ती शिकायला मावशीकडे राहते.

"ड्युअ‍ॅलिटी म्हणजे एकाच विश्वाची दोन वर्णनं," मी म्हणाले. "एकात आतली सगळी जागा आहे आणि गुरुत्वाकर्षण आहे. दुसऱ्यात फक्त त्या जागेची कड. तिथं क्वांटम कण आणि क्षेत्रं आहेत, गुरुत्वाकर्षण नाहीच. तरी दोन्हींकडून उत्तर एकच येतं."

"मग दोन कशाला?" शिवानीनं विचारलं.

"एकीकडे जे गणित सुटतच नाही, ते कधीकधी दुसरीकडे सोपं होतं."

शिवानीनं हंडा पुढं सरकवला. "लई भारी! म्हंजी अडलं की पळून जायचं."

"पळून नाही गं, पलीकडून यायचं!"

*

रुखसारला उदाहरण सापडलं. टाकी बाहेरून ठोकली की आत पाणी किती ते आवाजावरून कळतं. कड बाहेर, माहिती आतली! लगेच आम्ही तिघी शेजारच्या गच्चीवर चढलो. तिथं सगळ्या टाक्यांना कुलपं. आम्ही एकेक टाकी ठोकत, कान लावत निघालो.

तेवढ्यात एक काका काठी घेऊनच वर आले. "काय चाललंय?"

"काका, आत न बघता आतलं कळतं का, ते बघतोय," शिवानी म्हणाली.

"चोरबी हेच बघतात!"

*

शुक्रवारी सरांपुढं तालीम झाली. सरांनी नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे पूर्ण सिद्ध झालंय का?"

"नाही सर. पण जिथं जिथं तपासलं, तिथं जुळलंय."

"आणि ते आपलंच विश्व का?"

"नाही सर. वेगळ्या आकाराचं."

"म्हणजे सिद्ध नाही, आपलंही नाही! हे घेऊन जिल्ह्याला जायचं?"

शिवानीला राहवलं नाही. "सर, पोस्टरवर पाणी वाचवा लिवलंय. वाचवायला पाणी कुठं हाय?"

*

शनिवारी परीक्षकांनी माझं बोलणं मध्येच थांबवलं. आवाज प्रेमळ होता. "बाळ, शहरात प्यायला पाणी नाही. अशा वेळी मुलींनी पाण्यावर बोलावं. हे कशाला?"

रुखसार डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होती.

"सर," मी म्हणाले, "पाणी आम्ही रोजच करतो. सकाळी टँकर, शाळेतून गेलं की हंडे. मुलं करत नाहीत, तो विषय त्यांना द्या. मला गुरुत्वाकर्षण पाहिजे!"

गायके सरांनी खाली मान घातली. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग खुर्ची उचलून फळ्याजवळ आणून ठेवली आणि बसले.

"कडेवर गुरुत्वाकर्षण नाही म्हणतेस," ते म्हणाले. "मग आत ते कुठून आलं?"