वीस पोती, शीग सोडून

तवंदी घाटाच्या ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला. आप्पांनी ब्रेक दाबला. डेमो पिकअपमध्ये मागे कोबीची वीस पोती होती, आणि आमच्या दोघांच्या मध्ये आक्का, आप्पांची बायको.

मी बेळगावच्या शोरूममध्ये पिकअप विकतो. हे दोघं निपाणीजवळचे. रोज हा घाट चढून बेळगावला भाजी आणतात. जुनी गाडी याच चढावर मागे सरकली, तेव्हापासून आप्पांनी धसका घेतलेला. "परत सरकली तर ष्टेरिंगला हात लावणार न्हाय," असं त्यांनी शोरूममध्येच सांगितलं होतं.

ते एचपी विचारत होते, कारण विहिरीवरची मोटार त्याच मापात घेतात. मी टॉर्क समजावला: थांबलेलं वझं हलवायचा जोर. वीस पोती, पन्नास किलोचं एक, म्हणजे एक टन. लहान इंजिन पुरे. दोन मिनिटांत हिशेब केला आणि लहान गाडीच डेमोला काढली.

ट्रक हलला. आप्पांनी क्लच सोडला. गाडी थरथरली, हातभर मागे गेली आणि बंद पडली. आप्पांनी हँडब्रेक ओढला, उतरले आणि कडेनं चालायला लागले.

"सायेब, एका पोत्याचं किती धरलासा?" आक्कांनी विचारलं.

"पन्नास किलो."

"आणि शीग?"

मी मागे जाऊन बघितलं. पोत्यांची तोंडं शिवलेलीच नव्हती. वर हातभर कोबी रचून सुतळीची जाळी विणलेली. त्या वरच्या ढिगाला शीग म्हणतात. मी येळ्ळूरचा, शेतकऱ्याच्या पोटचा, आणि पोती भरताना फोनवर बोलत उभा होतो. लाज वाटली. गाडी मीच कशीबशी वर काढली. काट्यावर माल दीड टन भरला.

मॅनेजरचा फोन आलाच. "सह्या झाल्या? लहान गाडी स्टॉकला आहे."

"सर, यांना मोठं डिझेल इंजिनच लागेल."

"ते महिन्यानं येईल. गिऱ्हाईक थांबणार आहे का?"

"नाही थांबलं तर नाही." बोललो खरा, पण चार दिवस जेवण गोड लागेना.

पाचव्या दिवशी डिझेलची डेमो गाडी मिळाली. परत वीस पोती, शिगेसकट. आप्पा स्टेअरिंगवर बसेनात.

"तुमी न्हाय तर मी बसतो," आक्का म्हणाल्या. मग आप्पा बसले.

त्याच चढावर आप्पांनी आपणहून गाडी कडेला थांबवली. मी डोळे मिटले. गाडी सरळ वर निघाली. थोडं पुढं जाऊन त्यांनी परत थांबवली. मग तिसऱ्यांदा.

"आता चला की," आक्का म्हणाल्या, "भाजी सुकंल."

गाडीसाठी ते महिनाभर थांबले. हल्ली पोत्यांचा आकडा ऐकला की मी आधी विचारतो: शीग धरून, की सोडून?